पहिला डोस

वच्छलाबाईंनी सुनेला रिक्षातून उतरवलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. डिंपलला आठवा महिना. चेहरा इतका सुजलेला की डोळे बारीक झाले होते, आणि चपलेचे पट्टे पायात रुतले होते.

"सकायपाईन डोकं धरी बठेल शे व माय," त्या रईसा सिस्टरला म्हणाल्या. "डोयासमोर चांदन्या दिसतीस म्हने."

रईसानं प्रेशर मोजलं. एकशे ऐंशी, एकशे वीस. लघवीत बुडवलेली पट्टी हिरवीगार झाली, म्हणजे लघवीतून प्रथिनं जात होती. एकोणीस वर्षं ती या आरोग्य केंद्रात होती. हे दुखणं तिला दारातूनच कळलं होतं. तरी तिनं गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, घड्याळ लावून श्वास मोजले आणि कपाटातून झटके रोखणाऱ्या मॅगसल्फ इंजेक्शनची सीलबंद पेटी काढली.

"ते राहू द्या, सिस्टर." डॉक्टर मनन दारातच उभे होते. नोकरीला चार महिने झालेले. "प्रेशरची गोळी दिलीय. गाडी बोलावलीय. बाकी धुळ्यात देतील."

"गाडी यायला अर्धा तास सर. पुढं धुळं पाऊण तास."

"आणि त्या इंजेक्शननं इथेच तिचा श्वास थांबला तर? जबाबदारी कोणाची?"

रईसाच्या कानशिलात रक्त चढलं. दोन वर्षांपूर्वी दुसरे डॉक्टर होते. वाक्य हेच होतं. 'धुळ्यात देतील.' अशीच आलेली एक बाई धुळ्याच्या वाटेवर, सोनगीरच्या अलीकडेच गाडीत गेली, पोटातल्या बाळासकट. तेव्हाही पेटीचं सील शाबूत होतं. पुढं त्या पेटीची मुदत कपाटातच संपली.

"सर, तिच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू आवळून बसलेत. मेंदूला रक्त धड पोचत नाहीये. मॅग्नेशियम त्या स्नायूंत कॅल्शियम शिरू देत नाही, म्हणून ते सैल पडतात. हे मी तुम्हाला सांगायचं का? पाठवण्याआधी पहिला डोस नर्सनंही द्यायचा, हे तर ट्रेनिंगमध्ये आम्हाला पाठ करून घेतलंय!"

"सिस्टर, आवाज खाली."

तेवढ्यात डिंपलची मान एका बाजूला खेचली गेली. डोळे फिरले, दातखीळ बसली आणि अख्खं अंग खाटेवर आपटू लागलं. वच्छलाबाईंनी किंकाळी फोडली.

"कुशीवर घ्या तिला, डावीकडे!" रईसा ओरडली, आणि गंमत म्हणजे डॉक्टर निमूट पुढे झाले. त्यांनी डिंपलला कुशीवर धरलं, ऑक्सिजन लावला. रईसानं एकामागून एक दहा अँप्युल फोडल्या. एकीनं तिचं बोट कापलं. पाच कमरेच्या एका बाजूला टोचल्या, पाच दुसऱ्या बाजूला.

"मी हे लिहून देणार नाही," मनन पुटपुटले.

"मी लिहिते." तिनं धुळ्याला पाठवायच्या चिठ्ठीवर वेळ, डोस आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं.

झटका ओसरला, पुन्हा आला नाही. काही वेळानं डिंपल कण्हली, "आंग भाजी ऱ्हायनं..." तिचे गाल लालबुंद झाले होते.

"भाजू दे बेटा," रईसा म्हणाली. "नसा मोकळ्या होताहेत."

गाडीत ती स्वतः बसली. श्वास मंदावलाच तर उतारा म्हणून कॅल्शियमचं इंजेक्शन हाताशी धरून धुळ्यापर्यंत श्वास मोजत राहिली. दुपारी तीनला सिझेरियन झालं. मुलगी. पावणेदोन किलोची, पण रडली. डिंपल वाचली.

नवव्या दिवशी तालुक्यावरून मेमो आला. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या आदेशाविना औषध दिल्याबद्दल समज देण्यात येत आहे. खाली छापील ओळ होती, 'यापुढे असे होणार नाही', आणि सहीसाठी जागा.

रईसानं तो दोनदा वाचला. जी मेली तिच्यासाठी कुणाला मेमो निघाला नव्हता. सीलबंद पेटीची मुदत संपली, तेव्हा कुणाला समज दिली गेली नव्हती. एक बाई जगली, तर कागद नऊ दिवसांत पोचला!

"सही करून टाका सिस्टर," मनन खाली मान घालून म्हणाले. "विषय संपेल. मी तक्रार केली नव्हती, फक्त कळवलं होतं."

"तुम्ही तिला कुशीवर धरलं होतं, तेही कळवलं का?"

डॉक्टरांनी खिशातलं पेन तिच्यापुढे ठेवलं.

रईसानं पेन उचललं, छापील ओळीवर आडवी रेघ मारली आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'यापुढेही असेच होईल.' खाली सही केली, तारीख घातली आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"आजच्या टपालात घाला."