दोरीपलीकडचं घर

"हसू नका, हसू नका! हा खालचा काळा दगड म्हणजे आमच्या सासूबाई. लाटा येतात, डोकं आपटून जातात, पण ह्या जागच्या हलायच्या नाहीत. आणि त्याच्यावरचा हा पिवळा थर दिसतो ना, तो मी. कुणी जरा ओलाव्यानं बोललं की विरघळलोच!"

कडा बघायला आलेली मंडळी खदखदून हसली. बाबांनी काठीनं कड्याच्या पोटातला तो पिवळा पट्टा हवेतल्या हवेत आखून दाखवला. लाटा पायथा कसा पोखरतात, पाणी वरून कसं मुरतं, आणि मग एके दिवशी वरचा तुकडा कसा बसल्या जागी खाली जातो, हे त्यांनी हातांनीच करून दाखवलं.

लेक हसली नाही. हा विनोद ती शाळेत असल्यापासून ऐकत आली होती. खुद्द आजीसुद्धा तो ऐकून तोंडाला पदर लावायची. तिचं लक्ष बाबांच्या पायांकडे होतं. पाठीवरच्या पिशवीत बसलेली ठकी तिचे केस ओढत होती, आणि ती एका हातानं पिशवीचा पट्टा चाचपत होती. घरातून निघाल्यापासून कितीदा चाचपला असेल, तिचं तिला ठाऊक. आई झाल्यापासून तिला सगळीकडे कडाच दिसे. पलंगाला, जिन्याला, टेबलाला. आज तर खराखुराच कडा होता.

ती काही सहज आली नव्हती. बाबा ज्यांच्यासाठी सहली नेत, त्या कार्यालयातल्या बाईंचा मागच्या आठवड्यात फोन आला होता. "तुम्ही एकदा त्यांच्याबरोबर चालून बघा. बोलण्यात माणूस अजून पहिल्यासारखाच आहे हो. पण मध्येच कुठे हरवतात. आम्ही 'थांबा' म्हटलं तर त्यांना लागेल. तुम्ही सांगाल ते आम्ही मानू."

'हो' म्हणताना तिला आपण चहाडी करायला निघाल्यासारखं वाटलं होतं. बाबांनी फोनवर एवढंच विचारलं होतं, "ठकीला आणतेयस ना? मग ये."

"चला, आता आमच्या घरी चहाला!" बाबा पुढून ओरडले. "चहा मिळणार नाही, तेवढं सोडून सगळा पाहुणचार होईल."

दीपगृहाच्या अलीकडे, वाटेला लागून असलेल्या गवतात पांढऱ्या दगडांची एक चौकट मांडलेली होती. दिवा सांभाळणाऱ्याचं घर. हे घर एकेकाळी पुढे, पार कड्याजवळ उभं होतं. बाबांनी त्यात संसार केला, लेक तिथंच रांगली. पुढे दिवा आपोआप पेटायला लागला, बाबांची नोकरी गेली, आई गेली, आणि दोन हिवाळ्यांनंतरच्या एका वादळात घरही गेलं. कार्यालयानं बाबांना माणसं फिरवायचं काम दिलं तेव्हा त्यांनी घराचा नकाशा दगडांनी गवतात मांडला. कडा जसजसा आत येई, तसतसे ते दगड उचलून मागे आणत.

"भाडेकरू पळालेले पाहिले असतील तुम्ही," बाबा मंडळींना सांगत होते. "आमचं घरच पळतंय. दर वर्षी थोडं मागे सरकतं. चपला बाहेर काढा हं, आत सारवलंय!"

सहलीला आलेल्या दोन प्रौढ बहिणींपैकी धाकटीनं खरंच चपला काढल्या. थोरली म्हणाली, "अगं वेडे, गवत आहे ते!" सगळे पुन्हा हसले आणि दगडांच्या चौकटीत शिरले. बाबा खोल्या दाखवू लागले. इथे पलंग. इथे खिडकी. इथे भिंतीला पहिली भेग पडली. तिच्यावर त्यांनी काचेची पट्टी चिकटवली होती. भेग रुंदावली की काच तडकते, म्हणजे भिंत सरकतेय हे कळतं.

"बायको म्हणायची, भिंतीला चष्मा लावलाय ह्यांनी. आणि त्या पट्टीवरच झारा टांगायची. म्हणायची, काच तडकली तर बघायला नको मला, स्वयंपाकात लक्ष राहत नाही."

हे लेकीला माहीत नव्हतं. तिला झारा आठवत होता, मागची काच आठवत नव्हती. आई रोज त्या भिंतीकडे पाठ करून उभी राहायची, ती का, हे तिला आत्ता कळलं. ठकी कडेवर असती तर तिनं तिला घट्ट धरलं असतं. पाठीवर होती म्हणून नुसता तिचा पाय धरला.

"आजोबा, घल?" ठकीनं विचारलं.

बाबा बोलता बोलता थांबले. त्यांनी नातीकडे पाहिलं, मग पायाखालच्या दगडांकडे.

"नाही गं सोन्या," ते म्हणाले. "हे खोटं आहे. पाहुण्यांचं घर. तुला खोटं कसं दाखवू? आपलं घर तिकडं."

आणि त्यांनी वाटेच्या कडेची दोरी उचलली. वाकले. पलीकडे गेले.

ही दोरी त्यांनी स्वतः बांधली होती. तिचे खुंट त्यांनीच ठोकले होते, तिच्यापलीकडे पाऊल टाकणाऱ्यांवर ते आयुष्यभर खेकसले होते. पण मंडळींना हे काय ठाऊक? त्यांना वाटलं, कार्यक्रमाचाच भाग आहे.

"या ना, या," बाबा मागे न बघता म्हणाले. "हे अंगण. अंगण आहे अजून. स्वयंपाकघर तेवढं... ते तिथं. तिथून बायकोची हाक यायची. दिवा विझवलात ना, मग वर काय करताय? खाली या. चहा निवतोय."

ते हवेत बोट दाखवत होते. बोटाच्या टोकाशी एक पक्षी तरंगत होता. खाली पाणी होतं.

धाकटी बहीण चपला हातात घेऊन दोरीखालून वाकली. लेकीनं तिचा दंड धरला. पकड अशी होती की बाई होत्या तिथे थिजल्या. मग लेकीनं पुढे पाहिलं. बाबांच्या पायाच्या अलीकडे, गवतात, केसांत भांग पाडावा तशी एक बारीक रेघ गेली होती. बाबा त्या रेघेच्या पलीकडे उभे होते.

ओरडायचं नाही. तेवढं तिला कळत होतं. ठकी खिडकीत चढली की ओरडायचं नसतं. दचकून मूल नेमकं तिकडेच जातं. तिनं पट्टे सैल केले, ठकीला पुढे घेतलं आणि स्वयंपाकघरातून बोलावं तशा आवाजात म्हणाली,

"बाबा, ठकीला घेता का जरा? माझे खांदे भरून आलेत."

"थांब, मी आईला..." बाबा म्हणाले आणि अडखळले.

"रडेल हो ती. घ्या ना पटकन."

मूल घ्या म्हटलं आणि बाबांनी हात पुढे केले नाहीत, असं कधी झालं नव्हतं. ते वळले. हात पुढे करूनच परत आले. रेघ ओलांडून, अंगण ओलांडून, दोरीपर्यंत. लेकीनं एका हातानं ठकी त्यांच्या खांद्यावर दिली आणि दुसऱ्या हातानं त्यांचा सदरा मुठीत धरला. ते दोरीखालून अलीकडे येईतो तिनं मूठ सोडली नाही.

"छान करतात हो," टोपी घातलेले एक काका म्हणाले. "अंगावर काटा आला!" कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मंडळी दगडांच्या घरात फोटो काढू लागली. बाबा वाटेच्या कडेच्या खडकावर बसले. ठकी त्यांच्या सदऱ्याची गुंडी चोखत होती. लेक शेजारी बसली.

"गवतात भेग होती का?" त्यांनी विचारलं.

"होती."

"मी अलीकडे होतो की पलीकडे?"

तिला खोटं बोलता आलं असतं. जीभ तिथवर गेलीही.

"पलीकडे."

बाबांनी मान हलवली. एखाद्या पाहुण्यानं बरोबर उत्तर दिल्यावर हलवत तशी.

"त्या बाई येत होत्या माझ्यामागे."

"मी धरलं त्यांना."

"मी 'या' म्हणालो, म्हणून येत होत्या गं." ते समुद्राकडे बघत राहिले. "दगडांत उभं राहून रोज सांगतो, इथे ती उभी असायची. रोज खोटं. आज वाटलं, एकदा तरी बरोबर जागेवर उभं राहून सांगावं." मग एकदम म्हणाले, "ऑफिसातल्या बाईंनी पाठवलंय ना तुला?"

लेकीनं ठकीच्या तोंडातली गुंडी सोडवली.

"अगं, ठकीच्या दुपारच्या झोपेच्या वेळी तू शेजारणीला बेल वाजवू देत नाहीस. ती तू एवढ्या वाऱ्यात पोरीला घेऊन आलीस! मला फोनवरच कळलं होतं." ते थोडे हसले. "सांग त्यांना. जे झालं तेच सांग. मऊ करून सांगू नकोस."

"बाबा, थोडे दिवस विश्रांती घेतलीत तर कदाचित..."

"मी भिंतीवर काच लावणारा माणूस. काच तडकली की काय करायचं, ते मला नको शिकवूस."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पाहिलं आणि तिला पुसायला वेळ मिळावा म्हणून ठकीच्या नाकावर टिचकी मारली.

"अहो, पुढे काय दाखवणार?" टोपीवाल्या काकांनी हाक मारली.

बाबा उठले. काठी लेकीच्या हातात दिली. "पुढचं हिला येतं," ते मोठ्यानं म्हणाले. "कॉलेजात दगडच शिकलीय. आणि माझ्यापेक्षा कमी बोलते, तेवढा तुमचा फायदा."

पुढे वाट कड्याच्या बगलेतून खाली उतरते. एका जागी ती इतकी चिंचोळी होते की पाठ खडकाला लावून, लोखंडी कठडा धरून एकेकानंच जावं लागतं. लेक लग्नाआधी सुट्टी लागली की बाबांबरोबर इथून जायची. पाय विसरले नव्हते. पण ठकीसाठी तिनं मागे पाहिलं, आणि तिनं काही म्हणायच्या आधीच बाबांनी पोरीला तिच्या पिशवीत बसवलं. पट्टे स्वतः आवळले.

"इथं हिला तूच घे," ते हळूच म्हणाले. "माझ्यावर सोपवू नकोस."

ती पलीकडे गेली, वळली, काठी रोवून उभी राहिली. वारा तोंडावर येत होता, म्हणून तिला ओरडून बोलावं लागलं. एकेक करून या, कठडा सोडू नका, मी म्हणेन तेव्हाच निघा. आवाज पहिल्यांदा फाटला, मग लागला. टोपीवाले काका आले. थोरली बहीण आली, धाकटी आली. बाकीचे आले. प्रत्येक जण पलीकडून विचारी, "येऊ?" ती म्हणे, "या."

शेवटी बाबा उरले. ही वाट त्यांना डोळे मिटून पार करता आली असती. ते खडकाला पाठ लावून उभे राहिले. दोन्ही तळवे दगडावर टेकवले. पांढरे केस वाऱ्यानं कपाळावर आले होते, ते त्यांनी मागे सारले नाहीत. तिच्याकडे पाहिलं आणि थांबले.

"येऊ?" त्यांनी विचारलं.

सगळी मंडळी तिच्याकडे बघत होती. तिनं वाट पाहून घेतली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येकासाठी पाहिली तशीच.

"या," ती म्हणाली.

मग ते निघाले.