मधला डबा

“काका, घर किती स्क्वेअर फूट आहे?”

नारायणगावच्या त्या दुकानात आल्यापासून भिमाजीला विचारलेला हा तिसरा प्रश्न. आधीचे दोन होते, नेट किती स्पीडचं आणि घरात त्यावर किती वस्तू चालतात. तिन्हींपैकी एकाचंही उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

“सात खण हाये,” त्याने सांगून टाकलं.

काउंटरमागचा सुदर्शन हसला नाही, ही त्याची माणुसकी. एरवी कोणी हसावं असा भिमाजी माणूस नव्हता. कळंब आणि आजूबाजूच्या वस्त्यांवर त्याने चौतीस वर्षं वायरमनची नोकरी केलेली. खांबाखाली उभं राहून नुसतं वर बघितलं की फॉल्ट कुठे असेल हे त्याला कळायचं. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी गावात त्याला नावाने कोणी हाक मारत नव्हतं, वायरमनच म्हणत. आणि अशा माणसाला आता जी वस्तू घ्यायची होती तिला वायरच नव्हती.

“हा दोन डब्यांचा सेट, हा तीन डब्यांचा,” सुदर्शनने खोकी मांडली. “हा ड्युअल बँड, हा ट्राय बँड. सगळे डबे मिळून घरभर एकच वायफाय करतात. ह्यालाच मेश म्हणतात.”

“ह्याला अँपिअर किती?”

“अँपिअरचा प्रश्न नाही येत ह्यात, काका.”

“मंग एका डब्यातलं दुसऱ्यात जातं कशातनं?”

“हवेतून.”

भिमाजीने खोक्यांकडे पाहिलं, मग दुकानातल्या हवेकडे पाहिलं. चौतीस वर्षांत हवेतून त्याच्यापर्यंत काही आलं असेल तर तो शॉक होता, आणि तोसुद्धा एकदाच.

“ह्यात टिकाऊ कंचा?”

“सगळेच टिकाऊ. पण बसवला कुठं त्यावर आहे. घराचा नकाशा काढा बघू.”

पावतीच्या मागे भिमाजीने घर काढलं. घर म्हणजे सरळ एका रेषेत, लांबच लांब. पुढे रस्त्याला लागून ओसरी आणि एक खोली. मग मधले खण. त्यांच्या मागे परसात स्लॅबची एक सुटी खोली. नेटचा डबा पुढे ओसरीत, आणि नेट हवं होतं परसातल्या खोलीत.

“मधे काय आहे?”

“मधी थोरला भाऊ ऱ्हातो.”

“राहू द्या की. भिंत कसली?”

“दगडमातीची. दीड हात जाड.”

“मग तीन डब्यांचा घ्या. एक पुढं, एक मागं आणि एक बरोबर मध्यावर. मधला दिला नाही तर मागचा काही चालायचा नाही.”

“मध्यावरच पायजे का?”

“दुसरीकडं ठेवलात तरी चालेल,” सुदर्शन म्हणाला, “वायफाय नाही चालणार एवढंच.”

भिमाजीने तीन डब्यांचा सेट घेतला. मधले खण आपले नाहीत, ही गोष्ट त्याने दुकानात सांगितली नाही. कळंबच्या जीपमध्ये मांडीवर खोकं घेऊन बसल्यावर ती त्याला स्वतःलाच सांगावी लागली.

वाटणीच्या वेळी पंचांनी घर तसंच वाटून दिलं होतं. माजघर आणि चूल थोरल्या दादाभाऊकडे, रस्त्याकडचा भाग भिमाजीकडे, आणि परसातली मोकळी जागाही भिमाजीकडे. तेव्हा दोघांत गूळपीठ होतं, त्यामुळे कोणाला काही अडचण दिसली नाही. पुढे भिमाजीने परसात खोली बांधली. स्वतःच्याच मागच्या खोलीत जायला त्याला बाहेरच्या बोळातून, भावाच्या दारावरून जावं लागे. अकरा वर्षं तो त्या दारावरून मान खाली घालून जात होता.

अकरा वर्षांपूर्वी दादाभाऊच्या मुलीची, प्रतिभाची, सुपारी फुटायची होती. मांडवाला फुकटची लाइट घ्यायला दादाभाऊने खांबावर आकडा टाकलेला. त्यात नवल काही नव्हतं, तेव्हा निम्मा गाव टाकायचा. पण वीजचोरी पकडणारं भरारी पथक मंचरहून निघाल्याचा फोन भिमाजीला आला. पाहुणे जेवायला बसलेले असताना तो खांबावर चढला आणि त्याने स्वतःच्या हाताने भावाचा आकडा काढला. स्पीकर बंद पडला, पंखे थांबले, आणि पाहुण्यांच्या पंक्तीत कोणीतरी मोठ्याने हसलं. पथक आलं तेव्हा खांबावर काही नव्हतं, म्हणून केस झाली नाही. लग्नही ठरल्याप्रमाणे पार पडलं. पण ते हसणं दादाभाऊच्या कानातून गेलं नाही. भिमाजी समजावायला गेला तेव्हा त्याने दार लावून घेतलं. त्या दिवशी आपण भावाला वाचवलं की आपली नोकरी वाचवली, हे भिमाजीला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं आणि आजही येत नव्हतं.

असं सगळं असताना हे वायफायचं खूळ निघालं ते श्रेयामुळे.

श्रेया त्याची एकुलती एक मुलगी. पुण्यातल्या कंपनीचं काम घरातून करायची. पाच महिन्यांपूर्वी ती सासरहून दोन बॅगा घेऊन आली. आठ दिवसांसाठी आली असेल असं भिमाजीला वाटलं. आठाचे पंधरा झाले, महिना झाला, तिने काही सांगितलं नाही आणि त्याने काही विचारलं नाही. तिची आई असती तर तिने दुसऱ्याच दिवशी सगळं काढून घेतलं असतं, पण तिला जाऊन चार वर्षं झालेली. पोरीला कसं विचारायचं, कुठून सुरुवात करायची, हे भिमाजीला कोणी शिकवलं नव्हतं.

नेट फक्त ओसरीत यायचं, म्हणून ती ओसरीत लॅपटॉप मांडून बसे. आणि ओसरी म्हणजे गावाचीच. येणारा जाणारा पायरीवर टेकायचा. परवा शेजारचा भागू तर तिच्या मीटिंगच्या मधोमध खांद्यावरून डोकावला.

“आगं श्रेया, अजून हितंच का? पावणं न्ह्यायला न्हाई आलं?”

पडद्यावरच्या सात-आठ चेहऱ्यांनी ते ऐकलं. श्रेयाने लॅपटॉप मिटला. संध्याकाळी भाकरी मोडता मोडता ती म्हणाली, “अण्णा, मागच्या खोलीत नेट आलं तर बरं. नाहीतर मी एक तारखेपासून पुण्याला खोली बघते.”

“बघते म्हंजी? हितलं घर काय पडलंय का?”

“घराचं काही नाही हो. दार लावता येईल अशी जागा पाहिजे मला.”

तिनेच ऑनलाइन मागवते म्हटलं होतं. पण गावाला चौतीस वर्षं लाइट दिलेल्या माणसाने पोरीला स्वतःच्या घरात नेट द्यायला कुरियरची वाट बघायची, हे भिमाजीला पटलं नाही. त्याला ती जायला नको होती. चार वर्षं रिकाम्या असलेल्या घरात आता कोणीतरी ‘अण्णा’ म्हणत होतं.

आल्या आल्या त्याने एक डबा ओसरीत लावला. दुसरा थेट परसातल्या खोलीत नेऊन लावला, कारण अंधार जिथे असतो तिथेच आपण बल्ब लावतो. डब्यावर लाल दिवा लागला. तो डबा खिडकीत ठेवला, लाल. कपाटावर ठेवला, लाल. शिडी लावून स्लॅबवर चढला, मागून एक्स्टेंशन बोर्ड ओढला, ऊन लागू नये म्हणून डब्यावर पातेलं पालथं घातलं. दिवा लाल तो लालच.

“ते पातेलं काढा आधी,” खालून श्रेया म्हणाली. किती दिवसांनी ती हसत होती.

त्याने सुदर्शनला फोन लावला.

“काका, जिथं अंधार आहे तिथं नाही ठेवायचा,” सुदर्शन म्हणाला. “जिथं उजेड संपत आलाय तिथं ठेवायचा. म्हणजे तो पुढं उजेड देईल. बोललो होतो ना, मध्यावर!”

त्यापेक्षा सरळ वायर ओढली तर? वायरीवर भिमाजीचा जन्म गेलेला. पण बोळातून न्यायची तर खिळे दादाभाऊच्या भिंतीत मारायचे. दुसऱ्या अंगाने भागूच्या ट्रॅक्टरची वाट, उसाची ट्रॉली निघाली की तिथे वायर चार दिवस टिकायची नाही. भिमाजी दोन दिवस घराभोवती फिरला. कधी या बाजूने पावलं मोजायचा, कधी त्या बाजूने, आणि दरवेळी येऊन भावाच्या दाराशी थांबायचा. तिसऱ्या दिवशी श्रेया फोनवर कोणाला तरी पुण्यातल्या खोलीबद्दल विचारताना ऐकू आली. तेव्हा त्याने उरलेला डबा उचलला आणि बोळात शिरला.

दार उघडंच होतं. साळूवहिनी पावट्याच्या शेंगा सोलत होत्या, दादाभाऊ खाटेवर बसला होता. त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्यात, हे भिमाजीने आज पाहिलं. बोलायचं ठरवून आलेलं सगळं तो विसरला.

“दादा, एक पिन पायजे व्हती.”

दादाभाऊ बघत राहिला. “कसली पिन?”

“लाइटीची. तुज्या घरातली. ह्यो डबा लावायला.”

साळूवहिनींच्या हातातली शेंग तशीच राहिली. दादाभाऊने डब्याकडे पाहिलं.

“मीटरावरची लाइट हाये,” तो म्हणाला. “आकडा न्हाई.”

हे येणारच होतं. भिमाजीने ते खाली मान घालून घेतलं. पण तो परत फिरला नाही.

“श्रेयासाठी पायजे,” तो म्हणाला. “ती परत आलीय, दादा. जायची न्हाई बहुतेक. मला सांगत न्हाई आन मला इचारता येत न्हाई. वसरीत बसली की लोकं इचारत्यात. मागं दार लावून बसंल म्हनलं तर ह्यो डबा मधीच लावाय लागतो म्हनत्यात. आन मधी तू हायेस.”

पाच महिन्यांत हे त्याने प्रथमच मोठ्याने म्हटलं होतं, आणि तेही कोणाला, तर ज्याच्याशी अकरा वर्षं बोलला नव्हता त्याला.

दादाभाऊ खाटेवर आडवा झाला. शेवटी साळूवहिनीच उठल्या, पदराला हात पुसले आणि फळीवरचे डबे सरकवून जागा केली.

“हितं चालंल का, भावजी?”

भिमाजीने डबा लावला. दिवा निळा झाला, लुकलुकला आणि पांढरा होऊन थांबला. परसातून श्रेयाची हाक आली, “अण्णा, आलं!”

“ह्याचं बटन बंद करायचं न्हाई ना?” वहिनींनी विचारलं.

“न्हाई करायचं.”

दादाभाऊ भिंतीकडे तोंड करून आडवा झाला होता. भिमाजी उंबऱ्यापर्यंत आला. जागा दिली म्हणजे राग गेला की राहिला, याचा त्याला अंदाज येईना. वायर असती तर टेस्टर लावून बघितला असता.

श्रेया मागच्या खोलीत राहायला गेली. पुण्याच्या खोलीचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. बोळातून जाता येता ती दादाभाऊच्या दाराशी थांबते, कधी आत जाऊन बसते, हे भिमाजीला दिसायचं. आत काय बोलणं होतं हे मात्र त्याला कळत नव्हतं, आणि विचारायचं कसं हा त्याचा जुनाच घोळ होता.

गुरुवारी दुपारी साडेबाराला गावाची लाइट गेली. गुरुवारची ती जातेच. ओसरीत आणि परसात भिमाजीचा एकेक इन्व्हर्टर होता, तिथले डबे त्याने त्यांवर घेतले होते. ते चालूच राहिले. आणि मग त्याला मधला आठवला. मधला आता मेला असणार. श्रेयाची आज मोठी मीटिंग होती, सकाळपासून ती नीट जेवलीही नव्हती. गावातली प्रत्येक लाइन पाठ असलेल्या माणसाला स्वतःच्या घरातली ही एवढी गोष्ट सुचू नये! त्याने चप्पलसुद्धा घातली नाही, तसाच बोळातून पळाला.

परसातल्या खोलीचं दार लावलेलं होतं. आतून तिचा आवाज येत होता. इंग्रजीतून ती सावकाश काहीतरी समजावत होती. कुठेही अडखळत नव्हती. मध्ये कोणीतरी हसलं आणि तीही हसली.

भिमाजी गोंधळला. लाइट नाही आणि डबा चालतोय, म्हणजे हवेतून करंटही यायला लागला की काय? तो मागे फिरून दादाभाऊच्या दाराशी आला.

आत उकाडा होता. दादाभाऊ खाटेवर बसून वर्तमानपत्राच्या घडीने वारा घेत होता, अंगातली बंडी घामाने चिकटली होती. कोपऱ्यात त्याचा छोटा इन्व्हर्टर घरघरत होता, एका पंख्यापुरता घेतलेला. पंख्याची पिन खाली जमिनीवर पडली होती. तिच्या जागी डब्याची पिन होती, आणि फळीवर पांढरा दिवा होता.

“दादा, पंखा?”

“एकच पिन हाये त्याला.” दादाभाऊने वारा घेणं थांबवलं नाही. “पोरीची मीटिंग हाये. सकाळीच सांगून गेली.”

भिमाजीने जमिनीवरच्या पिनेकडे पाहिलं. एका पिनेच्या दोन करणं हे त्याच्यासाठी दहा मिनिटांचं काम होतं. तो खाली वाकला आणि सवयीने त्याचा हात इन्व्हर्टरच्या पिनेकडे गेला.

“आता हात नको लावू,” दादाभाऊ म्हणाला. “तिचं संपू दे.”

भिमाजीने हात मागे घेतला. साळूवहिनींनी पायाने पाट पुढे सरकवला. तो उंबऱ्याच्या आत येऊन बसला आणि दोघे भाऊ फळीवरच्या दिव्याकडे बघत राहिले.