दिवंगत सदस्या, क्रमांक तेवीस

खिडकीतलं ऊन कागदांच्या गठ्ठ्यांवरून उतरत उतरत टेबलाशी आलं, तेव्हा कुठे आक्काने खळीचे हात पुसले आणि ती संगणकापुढे बसली. पुस्तकं बांधणाऱ्यांच्या संघाचं संकेतस्थळ तिने उघडलं. सदस्यत्वाच्या नूतनीकरणाचा आज शेवटचा दिवस होता.

तेवीस हा तिचा क्रमांक. त्याआधी तो वडिलांचा. या खोलीत शिवलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर, आतल्या अंगाला, तांदळाएवढे दोन आकडे उमटायचे. संघाचा नियमच होता: एका घराला एकच क्रमांक, आणि तो धरणारा माणूस गेल्याशिवाय दुसऱ्याच्या हाती जात नाही.

पासवर्ड चुकला. पुन्हा टाकला, पुन्हा चुकला.

"राहू दे ना आक्का," दाबाच्या यंत्रामागून धाकटा भाऊ म्हणाला. "उद्या बघतो मी."

"मुदत आज संपतेय, आणि तू बघणार उद्या! मुदत काय तुझ्या मेहुण्याची आहे, थांबायला?"

तो हसला नाही. एरवी हसला असता.

तिने 'पासवर्ड विसरलात?' वर बोट ठेवलं. क्रमांक टाकला, फोनवर आलेले सहा आकडे एकेक करून भरले. पान उघडलं. तिच्याच फोटोने तिच्याकडे पाहिलं. फोटोभोवती काळी चौकट होती.

दिवंगत सदस्या, क्रमांक तेवीस. वारस: धाकटा भाऊ. शोकसंदेश: सदतीस.

तिने आपलंच मनगट चाचपलं. ऊबदार होतं, वाळल्या खळीने खरखरीत झालेलं.

'बाई तोंडाची फटकळ,' चामडंवाल्याने लिहिलं होतं, 'पण तिने शिवलेलं पुस्तक उघडलं, की पानं झोपेतून उठल्यासारखी हळूच उलगडायची.' ज्याच्याशी तिने बारा वर्षं अबोला धरला होता, त्या म्हाताऱ्या बांधणीकाराने एवढंच लिहिलं होतं: 'मी आधी बोलायला हवं होतं.'

तिने खुर्ची भावाकडे वळवली.

"मला केव्हा मारलंस रे?"

भावाच्या हातातली सुई थांबली. "फॉर्मवर क्रमांक बदलायचं एकच कारण होतं, आक्का, सदस्याचा मृत्यू. खूण केली. वाटलं, कागदोपत्रीच तर आहे. ते फोटो लावतील, लोक लिहितील, हे कुठे ठाऊक होतं!"

"मागायचा होतास."

"वीस वर्षं मी शिवतोय. एकाही पुस्तकावर मी नाही. मागितला असता तर म्हणाली असतीस, आधी कोपरे नीट दुमडायला शीक."

ती तेच म्हणाली असती.

तिने संघाच्या कचेरीत फोन लावला.

"तेवीस? त्या तर वारल्या," पलीकडची कारकून हळहळली. "आपण कोण?"

"वारलेली."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग चाचरत उत्तर आलं, "बाई, नोंद फिरवता येईल. पण वारसाने स्वतः कबूल करायला हवं. आणि खोटी नोंद करणाऱ्याला संघात पुन्हा घेत नाहीत. कधीच नाही."

भावाला सगळं ऐकू जात होतं. त्याचा चेहरा कोऱ्या कागदासारखा झाला. आक्काला वाटलं, फोन ठेवून द्यावा, राहू दे तेवीस त्याच्याकडे. पण मग उद्यापासून ती सुई धरणार कुणाच्या हाताने, मेलेल्या बाईच्या?

तिने फोन त्याच्यापुढे धरला.

"कोपरे तुला चांगले जमतात," ती म्हणाली. "मी कधी बोलले नाही, ती माझी चूक. ही तुझी. बोल."

त्याने फोन कानाला लावला.

"माझी बहीण," तो अखेर म्हणाला, "जिवंत आहे. मीच खोटं लिहिलं." आणि लहानपणी रडायचा तसा, तोंड फिरवून, रडू लागला.