बाबांच्या श्वासातला आकडा

कितीही गारठा पडो, आमच्या घरात खिडकी लावायची नाही, हा बाबांचा हुकूम. आई गेली ती बंद खोलीत, शेगडीतून निघालेल्या कार्बन मोनॉक्साइडने. बाबा बॉयलरचे मिस्त्री. जगाच्या गळत्या शोधणाऱ्या माणसाच्याच घरात त्या वायूने डाव साधला. तेव्हापासून ते त्याचं नावही घेत नाहीत, नुसतं 'तो' म्हणतात. आणि पोटाला चिमटा काढून शिकवलेली त्यांची लेक प्रयोगशाळेत त्याच वायूवर काम करते! हे कळल्यापासून माझ्याशी अबोला.

आज मात्र स्वतःच माझ्या प्रयोगशाळेत आले. दारातूनच म्हणाले, "सामान उचल. ही नोकरी बास झाली."

"येते. आधी यात फुंकर मारा. 'तो' मोजायचं यंत्र आहे."

यंत्र म्हटलं की बाबांना राहवत नाही. फुंकले. दोनचा आकडा उमटला.

"गळती आहे!" ते ओरडले आणि धडाधड सगळ्या खिडक्या उघडल्या. माझे कागद खोलीभर झाले. पुन्हा फुंकले, दोनच. बाहेर आवारात जाऊन फुंकले, तरी दोन.

"बिघडलंय हे."

"नुसतं हवेत धरा. दिसलं शून्य? तो तुमच्यातूनच येतोय, बाबा."

ते यंत्र हातात धरूनच खाली बसले. मग मी सांगितलं. जुनं रक्त मोडताना शरीर स्वतःच हा वायू बनवतं, अगदी चिमूटभर. आतडं सुजलं, आतल्या पेशी गंजल्यासारख्या झिजायला लागल्या, की तिथे जरा जास्त बनवतं आणि तो गंज थोपवतं. आजारी उंदरांना आम्ही तो मोजूनमापून इवलासा देतो, तेव्हा त्यांची लालभडक आतडी निवतात.

"जास्त झाला की काय करतो, ते मी विसरलेले नाही. पण हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला, बाबा. अजून येतो."

त्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला. मग हळूच म्हणाले, "तिच्यातही होता?"

"होता. जन्मापासून. तिला सांभाळत होता."

बाबांचे डोळे भरून आले. ते उठले. आता सामान उचलणार, असं मला वाटलं. पण ते खिडक्यांपाशी गेले आणि एकेक लावत सुटले. शेवटची मात्र बोटभर उघडी ठेवली.

"गारठ्यात काम करू नकोस," म्हणाले.