जिराफला दिलेला शब्द

हॉस्टेलच्या जिन्यात गादी अडकली होती. खालून बाबा ढकलत होते, वरून धाकटी ओढत होती, आणि मधल्या वळणावर उभी राहून आई दोघांनाही गादी कशी न्यायची ते शिकवत होती. शेंडेफळ म्हटलं की लाड होतात असं लोक म्हणतात. धाकटीच्या वाट्याला सल्लेच जास्त आले होते. एवढा जिना चढला की सुटले, असं ती मनाशी घोकत होती. वर तिची खोली होती. अर्धी का होईना, पण तिची.

गादी बाबांच्या हवाली करून ती आईसोबत पुढं झाली, तर दार आतूनच उघडलं. चौकटीत एक ताडमाड मुलगी उभी होती. तिनं काही कळायच्या आत धाकटीला मिठी मारली.

"आलीस बाई एकदाची. मी जिराफ. फोटोत मान एवढी लांब दिसत नाही ना?"

पोरगी मोकळी दिसतेय, असं वाटून धाकटीनं हसून घेतलं. कॉलेजनं नव्या मुलींसाठी एक ग्रुप काढला होता. आपली माहिती तिथं टाकायची, जिच्याशी सवयी जुळतील तिच्याशी बोलायचं आणि दोघींनी मिळून ऑफिसला कळवायचं. धाकटी त्या फंदात पडलीच नव्हती. ऑफिस देईल ती रूममेट घेईन, असं तिनं आईला तोंडावर सांगितलं होतं.

जिराफ मात्र जुनी मैत्रीण भेटावी तशी बोलत सुटली होती. तू पहाटे उठतेस म्हणून खिडकीकडची बाजू तुला ठेवलीय, दिवा लवकर मालवायचं ठरलंय ते पक्कं, आणि ते निळं विणकाम आणलंस की घरीच विसरलीस?

"कसलं विणकाम?" धाकटीनं विचारलं.

आई एकदम पाठ फिरवून कपाटाचा कप्पा पुसायला लागली. कप्पा स्वच्छ होता.

जिराफला वाटलं, ही आईसमोर लाजतेय. तिनं आवाज खाली आणला. "आणि माझं ते लक्षात आहे ना? औषध नुकतंच बदललंय. फिट आली तर याच दिवसांत येईल. पण तू आहेस म्हटल्यावर मी घरच्यांना सोबत येऊ दिलं नाही."

धाकटीनं जिराफकडं पाहिलं. मग आईच्या पाठीकडं. ती पाठ तिला जन्मापासून ठाऊक होती. चोरी पकडली गेली की ती अशीच ताठ व्हायची.

"आई, तू काय केलंस?"

आईनं फडकं खाली ठेवलं आणि तुझ्या भल्यासाठीच केलं म्हणाली. मग एकेक बाहेर पडलं. धाकटीच्या नावानं, धाकटीचाच फोटो लावून आईनं ग्रुपवर खातं उघडलं होतं. माझ्या पोरीला कुणी वाह्यात मुलगी मिळू नये, एवढाच हेतू. सुट्टीभर ती स्वयंपाकघरात फोनमध्ये बघून हसत बसायची, आणि घरातले थट्टा करायचे की आईला शेवटी एक मैत्रीण मिळाली. मिळालीच होती. फक्त त्या मैत्रिणीला ते ठाऊक नव्हतं.

शाळा आईनं निवडली, केस किती कापायचे ते आईनं ठरवलं, आणि आता ज्या खोलीत आई राहणारही नव्हती तिथंही ती आधीच येऊन बसली होती, वर धाकटीचा चेहरा लावून. धाकटी तोंड उघडणार, तोच जिराफ बोलली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं.

"काकू, शाळेत मी वर्गात पडले तेव्हा एकीनं माझ्या तोंडात चमचा घातला. हा दात तेव्हाच तुटला. बाकीच्यांनी व्हिडिओ काढला. त्यानंतर मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगितलं. तुम्ही लिहिलंत, मी आहे ना. कोण आहे?"

"मी खोटं नाही लिहिलं गं," आई म्हणाली. "माझ्या भावाला फिट यायच्या. लग्न होईपर्यंत मीच सांभाळलंय त्याला. मला सगळं येतं."

"तुम्हाला येतं. राहणार ही आहे."

तेवढ्यात बाबा गादी घेऊन घामाघूम होऊन दारात आले आणि कुठं ठेवू, असं विचारते झाले. मग तिघींची तोंडं पाहून त्यांनी गादी जमिनीवर टाकली आणि ते खाली गेले.

आई पुढं सरकली. "थांबा, मी हिला आत्ता शिकवते. काही अवघड नाही."

"नको," धाकटी म्हणाली. "तू आता मला काहीही शिकवू नकोस. खाली जा."

आई गेली. जाताना तिनं दार हळूच ओढून घेतलं, आणि त्या हळूपणाचाही धाकटीला संताप आला.

जिराफ तिच्याकडं बघतही नव्हती. उद्या ऑफिस उघडलं की दुसरी खोली मागणार आहे, असं तिनं भिंतीला सांगितलं. धाकटीनं ऐकून घेतलं. मग कुणी विचारलं नसताना तिनं आपली खरी माहिती सांगून टाकली. मी पहाट कधी पाहिलेली नाही. माझा पसारा असतो. विणकामाची सुई धरता येत नाही. आणि रक्त बघितलं की मला चक्कर येते.

"छान," जिराफ म्हणाली. "म्हणजे दोघी एकदमच पडू."

हसलं कुणीच नाही. पण आजची रात्र याच खोलीत काढायची होती, आणि राग कितीही खरा असला तरी तो फिटला अडवत नाही, हे जिराफला चांगलंच ठाऊक होतं. तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि ती गादीवर उताणी झोपली.

"हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात काही घालायचं नाही. डोक्याखाली मऊ काहीतरी सरकव. झटके थांबले की कुशीवर वळव. लवकर थांबले नाहीत तर रेक्टरबाईंना सांगून अॅम्ब्युलन्स बोलव. आता वळव मला."

धाकटीनं गुडघे टेकले. आईवरचा सगळा राग हातात आला आणि तिनं जिराफला पोतं ढकलावं तशी ढकलली.

"मी पोतं नाही. पुन्हा."

इतक्यात टेबलावर जिराफचा फोन वाजला. धाकटीनंच तो उचलला. पडद्यावर तिचा स्वतःचा फोटो होता, तिचं स्वतःचं नाव होतं, आणि खाली लिहिलं होतं: गळ्याजवळची गुंडी आधी सैल करायची असते.

तिनं तो जिराफसमोर धरला. जिराफनं वाचलं आणि डोळे मिटून घेतले.

"बरोबर आहे ते. मी सांगायचं विसरले."

धाकटी आपल्याच हसऱ्या फोटोकडं बघत राहिली. "हिला ब्लॉक करू?"

"कर."

तिनं आपल्याच नावाला ब्लॉक केलं आणि फोन पालथा ठेवला. मग गादीपाशी पुन्हा गुडघे टेकून तिनं जिराफच्या गळ्याजवळची गुंडी काढली, एक हात तिच्या खांद्याखाली घातला, आणि तिला वळवली.

"पुन्हा," जिराफ म्हणाली.