भाऊंचं आगमन

वणीत एक बॅले कंपनी आहे आणि ती दरवर्षी स्पर्धाही घेते हे फोनवर कळलं, तेव्हा मी आधी हसले आणि मग परीक्षक म्हणून यायला होकार दिला. मी मूळची दारव्ह्याची. उभं आयुष्य पुण्यातल्या एका बॅले कंपनीत नाचले, आता तिच्याच शाळेत शिकवते. ही शाळा दरवर्षी बाहेरगावचं एक मूल घेते, राहण्याजेवणासकट. यंदाचं मूल मी या स्पर्धेतून निवडायचं होतं. वयाची अट चौदापर्यंतची.

कंपनी म्हणजे कपिल सर. त्यांनी मुंबईत आठवडाभराचं शिबिर केलं होतं आणि तेवढ्या भांडवलावर ते आर्टिस्टिक डायरेक्टर झाले होते. तसं बॅनरवर छापलं होतं, मुलांच्या टी-शर्टांच्या पाठीवरही छापलं होतं. बॅनरवर सगळ्यांत मोठा फोटो प्रमुख पाहुण्यांचा, म्हणजे कोळशाच्या ट्रकांचे मालक पिंटूभाऊ यांचा. त्याखाली सरांचा. नाचणाऱ्या एकाही मुलाचा फोटो नव्हता.

मंडपामागे एक बाई मला अडवून उभी राहिली. शमसुन्निसा नाव, नवऱ्याचं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज. "मॅडम, आमच्या अलफियाचं वय याच साली बसते. मागच्या साली तिचा नाच अर्ध्यातच राह्यला."

"काहून?"

"भाऊ आलते ना. गाणं बंद केलं, सत्कार झाला. मंग सर म्हणे, टाइम संपला."

परीक्षकाशी असं बोलू नये, असं मी तिला सुनावलं. पण राग आला तो तिचा नव्हता.

सरांनी माइकवरून नियम वाचले. नाच अर्धवट सोडणारा स्पर्धक बाद. पुन्हा संधी नाही. वाचताना आवाज असा लावला होता की जणू घटनाच लिहून आणली आहे. मग एकेक 'बॅले' सुरू झाले. सिनेमाचं गाणं, वर पांढरा घेरदार झगा आणि शेवटी टाचा टेकवूनच दोन पावलं, की झाला बॅले. त्या पोरांचा काय दोष? शिकवणाऱ्याला टाच आणि चवडा यांतला फरक कळला असता तर तो आर्टिस्टिक डायरेक्टर कशाला झाला असता?

अलफिया आली. काटकुळी पोर, पायात धुऊन धुऊन विटलेले बॅलेचे बूट. बॅले ती मोबाइलवर बघून शिकली होती, ते दिसत होतं. हात चुकत होते. पण पाठ ताठ होती, आणि ती चवड्यांवर चढली तेव्हा मी लिहायचं थांबवून बघत बसले.

तेवढ्यात मंडपाबाहेर फटाके वाजले. सर विंगेतून धावले, त्यांनी स्वतःच्या हातानं गाणं बंद केलं आणि माइक घेतला. "आपल्या सर्वांचे लाडके, कलेचे आश्रयदाते, पिंटूभाऊ यांचं आगमन झालेलं आहे!"

भाऊ आले, मागून दहाबारा कार्यकर्ते आले, सगळे थेट स्टेजवर. शाल आली, नारळ आला, पुष्पगुच्छ आला, फोटोवाला आला. आणि या जत्रेत अलफिया नाचत होती. गाणं नाही, काही नाही. तिनं एका कार्यकर्त्याला वळसा घातला, नारळाचं तबक चुकवलं, माइकच्या वायरीवरून उडी घेतली. "बाजूले हो ना पोरी!" कुणीतरी ओरडलं. तिनं ऐकलंच नाही. सर भाऊंच्या खांद्यावर शाल घालत होते तेव्हा त्यांच्या मागे ती एका पायावर उभी राहिली, हलली नाही, मग वाकून नमस्कार करून गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लाज वाटण्यासारखं काही नव्हतं, मी पुसलंही नाही.

भाऊ खूश. "वा! आमच्या स्वागताले नाच बी ठेवला!"

सर मात्र घामाघूम होऊन माझ्या टेबलाशी आले. "ताई, तिले बाद करा लागते. सत्कार चालू असताना नाचून राह्यली, भाऊंचा अपमान झाला."

"भाऊ तर टाळ्या वाजवून राह्यले," मी म्हटलं. "आणि नियम तुम्हीच वाचला. अर्धवट सोडील तो बाद. हिचं गाणं अर्ध्यावर तुम्ही तोडलंत, नाच तिनं सोडला नाही." मी उठले, त्यांच्या हातातला माइक घेतला आणि अलफियाचं नाव जाहीर केलं. सर लगेच टाळ्या वाजवायला लागले. पोर आमच्याच कंपनीची, असंही शेजाऱ्याला सांगून झालं.

मंडपामागे मी तिला विचारलं, "गाणं बंद पडल्यावर घाबरली नाही?"

"नाही. भाऊ दरसालच मधात येतात, मले मालूम होतं. म्हणून मी ते धरूनच बसवलं. अब्बा गॅरेजात ट्रकचं इंजिन चालू ठेवत, अन् मी गाणं मनात म्हणून नाचत जाओ. टायर मांडून ठेवले होते, माणसं म्हणून."

ती बुटांचे बंद सोडत होती. मग मान वर करून तिनं अगदी गंभीरपणे विचारलं, "मॅडम, पुण्याले भाऊ कधी येतात? पहिलेच सांगून ठेवा, तसं बसवीन."

आमच्या मागच्या प्रयोगाला कोण कधी आलं आणि पडदा कितीदा पाडला, ते सगळं मला आठवलं.

"तिकडं ते मध्यंतरानंतर येतात," मी म्हटलं.