दावाओच्या डोंगरातले उखळ

मी एक जुने उखळ आहे, मित्रांनो, आणि मला राग आला आहे. जुन्या वस्तू समजूतदार असतात, झालेगेले पोटात घालतात, असे तुम्ही वाचले असेल. माझ्या पोटात आजवर भात आणि मका घातला गेला. बाकीचे तिथे राहत नाही.

मी मोलावेच्या झाडाचा बुंधा. हे लाकूड इतके घट्ट असते की पाण्यात टाकले तर बुडते, आणि वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. फिलिपिन्समधल्या दावाओच्या रानात मला सेइसाकू नागाओने पाडले. जपानातून तो इथे अबाकाच्या मळ्यात राबायला आला होता. अबाका दिसते केळीसारखी, पण तिच्या सोपटातून जहाजांच्या दोरखंडांचा धागा निघतो. मळ्यासाठी जमीन मोकळी करताना बाकीच्यांनी आपापले बुंधे जाळले. सेइसाकूने मला सावलीत ठेवून सावकाश वाळवले, म्हणजे चिरा पडू नयेत. मग निखारे ठेवायचे, जळलेला थर खरवडायचा, पुन्हा निखारे ठेवायचे, असे करत त्याने माझे पोट कोरले. बाहेरून वाकसाने तासून मला बारीक कंबर काढली. त्याच्या गावाकडची उखळे तशीच असत.

त्याची बायको सालिन. ती इथल्याच बागोबो लोकांतली. तिने माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, “उखळाला कंबर कशाला रे? नाचवणारेस का त्याला?”

“तुझ्यापेक्षा बरं नाचेल ते,” सेइसाकू म्हणाला.

नव्या वर्षाच्या आधी ती दोघे माझ्यात मोची कुटत. चिकट तांदूळ वाफवून त्यांचा पांढरा, लवचीक गोळा होईपर्यंत कुटायचा. सालिनच्या लोकांत मुसळ उभे धरतात. सेइसाकू मात्र लांब दांड्याची लाकडी मोगरी खांद्यावरून आणून मारी. मोगरी वर गेली की सालिनचा ओला हात आत यायचा, गोळा उलटायचा आणि मोगरी उतरायच्या आत बाहेर निघायचा. हात कोरडा असला तर भात चिकटतो आणि हात अडकतो. दोघांपैकी एकाचा जरी ठेका चुकला तर बोटे गेली. सालिन कधी चुकली नाही. त्यांची मुलगी किनुए हातभर वाढली तशी आईच्या जागी बसू लागली, आणि तीही चुकेना.

मळ्यातल्या जपान्यांचे एक मंडळ होते. एका नववर्षाला सेइसाकू आमची मोची घेऊन तिकडे गेला, किनुएही बरोबर होती. रिकाम्या हाती परत येईल असे वाटले होते. तो भरले तबक घेऊन परत आला.

“काय झालं?” सालिनने विचारले.

“कोणाच्या हातची म्हणाले. म्हटलं, माझ्या घरची. तर एक म्हातारा म्हणतो, या डोंगरातल्या बाईचा हात लागलाय ना, मग राहू दे.”

“मग तू काय म्हणालास?”

“त्याच हातचं मी रोज खातो, अजून मेलो नाही, म्हटलं.”

“बाबा, ते म्हणाले, मी जपानी नाही,” किनुए म्हणाली. “मग मी कोण?”

सेइसाकूने तबक माझ्या कडेवर ठेवले. “माझी मुलगी,” तो म्हणाला. “बाकीचं त्यांना काय कळतंय!”

त्या दिवसापासून किनुएला एवढेच हवे होते, की ‘तू सेइसाकूची मुलगी’ असे बापाच्या लोकांपैकी कोणीतरी तिच्या तोंडावर म्हणावे.

मग युद्ध आले. आधी जपानी फौज आली. तिने सेइसाकूला ओझी वाहायला नेले. फौज हरल्यावर अमेरिकनांनी त्याला तारेच्या कुंपणामागे ठेवले आणि तिथून जहाजात घालून जपानला पाठवून दिले. घरी येऊन निरोप घेण्याइतकी मोकळीकही त्याला मिळाली नाही. तिकडे त्याचे काय झाले ते मला ठाऊक नाही.

इकडे उरलेसुरले जपानी शोधून काढायला इथलीच हत्यारबंद माणसे गावोगाव फिरू लागली. फौजेने त्यांच्या घरांचे जे केले होते, ते मीही ऐकले होते. पण त्याचा हिशेब एका पोरीकडून मागायचा? सालिन किनुएला घेऊन डोंगरात माहेरी गेली. कागद, छायाचित्रे, नवऱ्याचे कपडे, सगळे तिने चुलीत घातले. मुलीचे नाव फेलिसा ठेवले. मला भावांकडून वर वाहून आणवले, कारण उखळ नसलेले घर तिथे कोणाच्याही नजरेत आले असते. पण माझी कंबर दिसू नये म्हणून मला अर्धे जमिनीत पुरले.

एका सकाळी ती माणसे आमच्या अंगणात आली. सालिन उभ्या मुसळाने साळी कांडत होती. किनुए माझ्याजवळ उकिडवी बसून बाहेर उडालेले दाणे आत लोटत होती.

“पोरीचा बाप कुठाय?” त्यांच्यातला पुढचा म्हणाला.

“मेला तापानं.”

“डोळे बघ की तिचे.”

“माझ्या आईचे असेच होते. थडगं तिथं वर आहे. जा, उकरून बघ.”

मागचे दोघे हसले. पुढचा हसला नाही. “मी त्यांच्या मळ्यात राबलोय,” तो म्हणाला. “मला शिकवू नकोस. कांडत राहा तू.”

तो किनुएकडे रोखून पाहत उभा राहिला. पोर घाबरली. आणि घाबरलेला हात आपल्या सवयीने चालतो. मुसळ वर गेले तसा तिचा हात माझ्यात आला, साळी उलटल्या आणि निघून गेला. साळी कांडताना असा हात कोणी घालत नाही, मोची कुटणारे जपानी घालतात. त्या माणसाच्या भुवया वर गेल्या. मुसळ पुन्हा उचलले गेले, आणि पुन्हा तो हात आला.

या वेळी मुसळ त्या हातावर उतरले.

“आंधळी आहेस का गं कार्टे?” सालिन ओरडली. “कांडताना हात घालतं का कोणी? किती वेळा सांगितलं!”

किनुए किंचाळत होती. तो माणूस खाली थुंकला. “जपान्यांची पोरगी अशी वेंधळी नसते,” तो म्हणाला. “चला रे.”

ती माणसे वळणापलीकडे जाईपर्यंत सालिन शिव्या देत राहिली. मग खाली बसली आणि तो हात तिने आपल्या पोटाशी धरला. मित्रांनो, माझ्यापेक्षा तिचा हात कोणाला अधिक ठाऊक असणार? सालिन कधी चुकली नव्हती. त्या दिवशीही ती चुकली नाही.

दोन बोटे वाकडी राहिली. फेलिसाचे लग्न झाले, मुले झाली. पुढे खालच्या रस्त्यावर भाताची गिरणी आली आणि मी कोंबड्यांचे पाणी ठेवायचे भांडे झाले. त्याचा मला राग नाही. गिरणी माझ्यापेक्षा खरोखरच चांगले काम करते. सालिन गेली, आणि भीतीही जुनी झाली, तेव्हा फेलिसाने मला जमिनीतून काढून घेतले आणि आपले किनुए हे नाव पुन्हा लावले.

माझा राग गेल्या उन्हाळ्यातला आहे. जपानहून काही पाहुणे आले. इथे येऊन राबलेल्या पूर्वजांचे ते स्मारक बांधत होते. त्यांनी माझी कंबर पाहिली, माझ्यावरून हात फिरवले, आणि सगळे रांगेत उभे राहून माझ्यापुढे वाकले. काहींच्या डोळ्यांत पाणी होते. किनुए पलीकडेच उभी होती. तिच्यापुढे कोणी वाकले नाही.

“हे माझ्या बाबांनी केलं,” ती म्हणाली. “मी त्यांची मुलगी. तेवढं तुमच्या स्मारकात लिहा.”

दुभाषी मुलीने ते सांगितले आणि त्यांचे उत्तर ऐकून मान खाली घातली. “आजी, ते विचारतायत, काही कागद आहे का?”

“आईनं जाळले. म्हणून तर जगले मी.”

“मग अवघड आहे म्हणतात. वाईट वाटतं म्हणतात. उखळ मात्र ते आजच नेतील, गाडी आणली आहे.”

“उखळाकडे मागितलात का कागद?”

 दोन माणसे दोर घेऊन पुढे आली.

तेव्हा किनुएने झग्याचा घोळ सावरला, माझ्या कडेला हात टेकले आणि ती सरळ माझ्यात बसली. पाय बाहेर, चपला लोंबकळत.

“बांधा आता,” ती म्हणाली. “न्यायचं तर असंच न्या.”

नातवंडे खिदळली. पाहुण्यांनी बराच वेळ आपापसांत कुजबुज केली, हात जोडले, ती उठावी म्हणून प्यायला पाणीही मागितले. तिने पाणी दिले नाही. संध्याकाळी त्यांची गाडी रिकामी खाली उतरली आणि ती माझ्यातच बसून राहिली.

तिच्या बापाच्या लोकांनी मळ्यात तिला आपली म्हटले नाही. बंदुका आल्या तेव्हा ती पुरती त्यांची ठरत होती. आता ती पुन्हा कोणाचीच नाही. मी मात्र सगळ्यांना हवे आहे, कारण लाकूड काही मागत नाही.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी वस्तू तुम्हाला विनवते की आम्हाला जपा. मी विनवणार नाही. तुमच्या गावातही कुठे काचेच्या पेटीत एखादे उखळ, एखादा चरखा ठेवलेला असेल. त्यापुढे वाकण्याआधी विचारा, याच्या घरची माणसे कुठे आहेत? ती जिवंत असतील तर आधी त्यांना खुर्ची द्या. मी उन्हापावसात राहीन. मी मोलावेचे आहे, मला काही होत नाही.